नऊ वर्षांचा मुलगा घरी एकटा राहू शकतो का?

प्रश्न साधा होता. आमच्या डॅलसकडच्या मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुकत्याच पुण्याहून आलेल्या एका मुलीने विचारलं, "मुलगा नऊचा आहे. स्कूलबस पावणेचारला सोडते, मी साडेचारला पोचते. पाऊण तास एकटा राहिला तर इथे चालतं का? कायदा काय आहे?"

दहा मिनिटांत चार उत्तरं आली. "बारा वर्षं लागतात गं." "आठ पुरे. आम्ही मेरीलँडला होतो तेव्हा आठच होतं." "छे, चौदा! इलिनॉयमध्ये माझ्या जावेला सांगितलं होतं." चौथ्या उत्तराने मात्र ग्रुप गार पडला: "शेजाऱ्याने सीपीएसला फोन केला तर मूल उचलून नेतात. मुळीच ठेवू नकोस."

सीपीएस म्हणजे राज्य सरकारचं बालसंरक्षण खातं. इथल्या देशी आईबापांच्या मनात या तीन अक्षरांची जी धडकी आहे, ती इन्कम टॅक्सचीही नाही.

आठ आणि चौदा म्हणणाऱ्या दोघी अगदीच चुकीच्या नव्हत्या, फक्त वेगवेगळ्या राज्यांबद्दल बोलत होत्या. मेरीलँडच्या कायद्यात खरोखर आठचा आकडा आहे: आठ वर्षांखालच्या मुलाला घरात किंवा गाडीत एकटं सोडायचं नाही, सोबत किमान तेरा वर्षांचं भरवशाचं कुणी हवं. इलिनॉयच्या कायद्यात वर्षानुवर्षं चौदाचा आकडा होता, पण तो 'अवाजवी काळ' या दोन शब्दांना बांधलेला होता. ते दोन शब्द कुणी वाचत नसे, आकडा तेवढा तोंडी पसरला. आणि आम्ही राहतो त्या टेक्ससमध्ये? आकडाच नाही.

मी वकील नाही. कोर्टात मराठी-हिंदी दुभाषाचं काम करते आणि रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत तिसरीचा वर्ग घेते. दुभाषाला शब्दाशब्दाचा हिशेब द्यावा लागतो. 'पालक-हक्क कायदा' असं भारदस्त नाव ऐकलं की म्हणूनच मी आत कोणते चार शब्द खरं काम करतायत ते शोधते. त्या चार शब्दांवर एकच गोष्ट ठरते: सरकार आणि आईबाप समोरासमोर आले, तर काय सिद्ध करायचं आणि ते कुणी.

आधी मूळ पाहू. अमेरिकेच्या राज्यघटनेत 'आईबाप', 'कुटुंब', 'मूल' यांतला एकही शब्द नाही. लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा हे सगळं पन्नास राज्यांकडे. मग पालकांचा मूलभूत हक्क आला कुठून? चौदाव्या घटनादुरुस्तीतल्या 'स्वातंत्र्य' या एका शब्दातून, आणि तोही एका भाषेच्या तासामुळे.

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि अमेरिकेत जर्मन म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडत. १९१९ मध्ये नेब्रास्काने कायदा केला की आठवी पास होईपर्यंत कुठल्याही शाळेत, खासगी असो की चर्चची, मुलांना इंग्रजीखेरीज दुसरी आधुनिक भाषा शिकवायची नाही. २५ मे १९२० रोजी हॅम्प्टन नावाच्या खेड्यात रॉबर्ट मेयर हे मास्तर एका दहा वर्षांच्या मुलाकडून जर्मन भाषेतली बायबलची गोष्ट वाचून घेत होते. काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, सरकारी वकील वर्गात आला. मास्तरांना २५ डॉलर दंड झाला. २५ डॉलर भरून विषय संपवता आला असता, पण त्यांनी तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी जिंकला. न्यायालयाने म्हटलं की स्वातंत्र्यात घर मांडणं आणि मुलं वाढवणं हेही येतं. निकालपत्रात प्लेटोची आणि स्पार्टाचीही आठवण काढली आहे. तिथे मुलं आईबापांपासून काढून राज्याने वाढवायची कल्पना होती, ती इथे चालणार नाही, असं.

रविवारी सकाळी माझ्या वर्गात दहा वर्षांची पोरं 'ळ' म्हणताना जीभ कुठे ठेवायची यावर झगडत असतात, तेव्हा मला हे मेयर मास्तर हटकून आठवतात. तो निकाल उलटा लागला असता तर राज्यांना दुसरी भाषा अशी दाबायला मोकळं रान मिळालं असतं. पण लगेच टाळ्या वाजवायला नकोत. त्याच १९२३ च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं होतं की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून तो अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. थिंड यांचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड, आणि मेयर यांच्या विरुद्ध मत देणाऱ्या दोघांतले एकही तेच. भाषेचा हक्क आला तेव्हा आपल्याला इथे नीट उभं राहायलाही जागा नव्हती.

दोन वर्षांनी, १९२५ मध्ये, ऑरेगनचा कायदा पडला. आठ ते सोळा वयाच्या प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच गेलं पाहिजे असं तो म्हणत होता. मूल म्हणजे नुसती राज्याची निर्मिती नव्हे, हे वाक्य त्या निकालातलं, आणि आजही दर दुसऱ्या पालक-हक्क भाषणात ते येतं.

भाषणात जे येत नाही ते १९४४ चं. मॅसॅच्युसेट्समध्ये एक बाई तिच्या ताब्यातल्या नऊ वर्षांच्या भाचीला रस्त्यावर धार्मिक मासिकं विकायला घेऊन जायची. बालमजुरीच्या कायद्याखाली तिला शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. आईबापांनी स्वतः हुतात्मा व्हायचं तर खुशाल व्हावं, पोरांना हुतात्मा करायचा हक्क त्यांना नाही, असा त्या निकालाचा सूर. म्हणजे हक्क मूलभूत असला तरी सातबाऱ्यावर नाव चढावं तसा मुलावर मालकी हक्क नाही.

आता २००० सालाकडे येऊ. आज राज्यांमध्ये जी कायद्यांची रीघ लागली आहे, तिचं एक मोठं कारण त्या साली तयार झालं. खटला वॉशिंग्टन राज्यातला, आणि आपल्या लोकांना तो टोचेल असा. दोन लहान मुलींचा बाप वारला. त्याचे आईवडील, म्हणजे मुलींचे आजी-आजोबा, म्हणाले की महिन्यातून दोन शनिवार-रविवार मुली आमच्याकडे मुक्कामाला हव्यात आणि उन्हाळ्यात दोन आठवडे. मुलींच्या आईने नाही म्हटलं नव्हतं. महिन्यातून एकदा दिवसभर भेटा, मुक्काम नको, एवढंच तिचं म्हणणं. पण राज्याचा कायदा असा ढिला होता की 'कोणीही' आणि 'कधीही' कोर्टात जाऊन मुलांना भेटण्याची परवानगी मागू शकत होतं. खालच्या कोर्टाने आजी-आजोबांच्या बाजूने बराच वेळ दिला.

सर्वोच्च न्यायालयाने आईची बाजू घेतली. धडधाकट, मुलांची नीट काळजी घेणारी आई काही ठरवत असेल तर कोर्टाने त्या निर्णयाला खास वजन दिलं पाहिजे, 'मला याहून चांगलं सुचतंय' म्हणून न्यायाधीशाने तो बदलू नये. नातवंडं म्हणजे दुधावरची साय असं मानणाऱ्या आपल्याला हे कोरडं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण नीट बघा, त्या आईच्या जागी तुमची मुलगी असती आणि सासरचे कोर्टात गेले असते, तर?

पण न्यायाधीशांची मतं फुटली, आणि पालकांच्या हक्कात सरकारने हात घातला तर तो कोणत्या कसोटीवर तपासायचा, हे बहुमताने ठरलंच नाही. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळी गंमत त्यातच आहे.

अमेरिकी कोर्टांकडे साधारण दोन टोकांच्या कसोट्या आहेत. सैल कसोटीत सरकारने काहीतरी समजण्याजोगं कारण दिलं की झालं. कायदा चुकीचा आहे हे तुम्ही दाखवा. कडक कसोटीत उलटं. सरकारने आधी सज्जड कारण दाखवायचं, वर हेही दाखवायचं की यापेक्षा कमी जाचक मार्ग नव्हता. एका घरचा नळ गळतो म्हणून अख्ख्या सोसायटीचं पाणी तोडलंत तर सैल कसोटीवर कदाचित निभावेल, कडकवर नाही. कोर्टात निम्मी लढाई इथेच संपते. पुरावा कुणी आणायचा हे ठरलं की बहुतेक वेळा निकालाचा वास येतो.

सर्वोच्च न्यायालयाने कसोटी मोकळी सोडली, म्हणून राज्यांनी ती आपापल्या कायद्यात लिहायला घेतली. ॲरिझोनाने २०१० मध्ये पालकांच्या हक्कांची सनद केली. व्हर्जिनियाने २०१३ मध्ये एक वाक्य लिहिलं, खरोखर एकच: मुलाचं संगोपन, शिक्षण आणि देखभाल यांबद्दल निर्णय घेण्याचा पालकाला मूलभूत हक्क आहे. फ्लोरिडाच्या २०२१ च्या सनदेत कडक कसोटी जशीच्या तशी उतरवली आहे, आणि शिक्षणासोबत आरोग्य आणि मानसिक आरोग्य हे शब्द घातले आहेत. टेक्ससने तर नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदारांना विचारून राज्यघटनेतच कलम घातलं. त्यात 'हक्क' या शब्दाआधी 'जबाबदारी' हा शब्द आहे. मुलाचं पोषण आणि रक्षण ही पालकाची जबाबदारी, आणि त्याच्या जोडीने हक्क. कलम वाचताना त्या क्रमापाशी मी क्षणभर थांबले होते.

आता माझी वर्गवारी. वकील असं म्हणत नाहीत, मी म्हणते. 'पालक-हक्क' या एकाच नावाखाली दोन जातीचे कायदे फिरतात. काही दाराचे, काही दप्तराचे. दाराचे म्हणजे सरकारी माणूस तुमच्या दारात कधी येऊ शकतो, आत काय करू शकतो, मूल कधी नेऊ शकतो, याबद्दलचे. दप्तराचे म्हणजे शाळेत काय शिकवतात, ग्रंथालयात कुठली पुस्तकं आहेत, शाळेच्या नर्सने काय करायचं, याबद्दलचे. बातम्या सगळ्या दप्तराच्या. सामान्य घराला खरी गरज लागते ती दाराच्या कायद्यांची.

दारापासूनच सुरू करू. प्रत्येक राज्यात मुलांवरच्या अत्याचाराची तक्रार करणं काही लोकांना सक्तीचं आहे: शिक्षक, डॉक्टर, नर्स. टेक्ससमध्ये तर संशय आला की तक्रार करणं प्रत्येकालाच बंधनकारक आहे. परिणाम? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की अमेरिकेतल्या ३७ टक्के मुलांच्या घरी अठरा वर्षांची होईपर्यंत एकदा तरी सीपीएसची चौकशी होते. कृष्णवर्णीय मुलांमध्ये ५३ टक्के. यातल्या बहुतेक तक्रारी चौकशीनंतर मिटतात. मूल घरातून काढण्यापर्यंत फार थोड्या जातात. 'उचलून नेतात' हे वाक्य म्हणून अर्धंच खरं. पण चौकशी म्हणजे काय असते ते ज्याने पाहिलंय त्याला 'फक्त चौकशी' असं म्हणवत नाही. अनोळखी बाई फ्रिज उघडून बघते, मुलाला वेगळं बसवून प्रश्न विचारते.

खात्यात सिद्ध ठरणाऱ्या प्रकरणांपैकी साधारण तीन-चतुर्थांश मारहाणीची नसतात, हेळसांडीची असतात. आणि हेळसांड हा शब्द रबरासारखा ताणता येतो. पोटभर जेवण न देणं ही हेळसांडच. पण दहा वर्षांच्या मुलाला बागेतून चालत घरी येऊ देणं?

मेरीलँडच्या सिल्व्हर स्प्रिंग गावात २०१४ च्या डिसेंबरात नेमकं हेच झालं. दहा वर्षांचा भाऊ आणि सहा वर्षांची बहीण बागेतून मैलभर चालत घरी निघाली होती, पोलिसांनी त्यांना गाडीत घालून घरी आणलं, आईबापांची चौकशी लागली. २०१५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच, आणि या वेळी मुलं काही तास सरकारी ताब्यात. पुढे आईबाप निर्दोष ठरले. जॉर्जियातल्या एका छोट्या गावात २०२४ मध्ये अकराला टेकलेला मुलगा एकटाच जवळच्या वस्तीपर्यंत चालत गेला म्हणून त्याच्या आईला बेड्या घालून नेलं.

माझी आई हे ऐकून म्हणाली, "मग आमच्या काळची सगळी आळी तुरुंगात गेली असती." पण आळीत वीस खिडक्या असायच्या आणि प्रत्येक खिडकीत एक काकू, हे ती विसरते. इथे रस्त्यावर चिटपाखरू नसतं. चालणारं एकटं मूल दिसलं की गाडीतल्या माणसाला ते हरवलंय असंच वाटतं.

यावर पहिला उतारा काढला यूटाने, २०१८ मध्ये, तोही विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत एकमताने. हेळसांडीच्या व्याख्येतून त्यांनी काही गोष्टी नाव घेऊन वगळल्या: शाळेत चालत किंवा सायकलने जाणं, जवळच्या दुकानात जाणं, बाहेर खेळणं, घरी एकटं राहणं. अट एवढीच की मुलाच्या मूलभूत गरजा भागलेल्या असाव्यात आणि धोका टाळता येईल इतकं वय आणि समज त्याला असावी. वयाचा आकडा त्यांनी जाणूनबुजून घातला नाही. मला हे शहाणपणाचं वाटतं. आकडा घातला की तो तोंडी पसरतो आणि समज मागे पडते. २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा आले, २०२२ मध्ये कोलोरॅडो, आणि त्या आईच्या अटकेनंतर २०२५ मध्ये जॉर्जिया. यात रिपब्लिकन राज्यं आहेत आणि डेमोक्रॅटही. आजच्या अमेरिकेत हे दुर्मिळच.

टेक्ससच्या २०२१ च्या दुरुस्तीतले शब्द मी मराठीत असे सांगते. हेळसांड ठरायला पालकाची 'उघड उघड बेपर्वाई' हवी आणि त्यातून मुलाला इजा झालेली हवी किंवा 'तत्काळ धोका' हवा. पूर्वी इजा होण्याचा मोठा संभव एवढ्यावर भागत असे. शिवाय मुलाची समज, शरीर, विकास 'किंवा संस्कृती' यांना शोभेल असं स्वतंत्रपणे काही करू देणं ही हेळसांड नाही. त्या यादीत संस्कृती हा शब्द कुणी घातला माहीत नाही, पण आपल्यासारख्यांसाठी तो लाखाचा आहे.

२०२३ मध्ये टेक्ससने आणखी दोन गोष्टी केल्या. निनावी तक्रारी घेणं बंद. तक्रारदाराचं नाव खात्याकडे गुप्त राहतं, पण नाव द्यावंच लागतं. भांडखोर शेजारी किंवा घटस्फोटातली दुसरी बाजू यांच्यावर त्याने लगाम बसतो. आणि पोलिस जसे अटकेच्या वेळी हक्क वाचून दाखवतात, तसं सीपीएसच्या माणसाने पहिल्याच भेटीत पालकांना त्यांचे हक्क सांगायचे: वकिलाशिवाय बोलायला नकार देता येतो, घरात घ्यायला नकार देता येतो, भेटीचं रेकॉर्डिंग करता येतं. मुलाला तत्काळ धोका असेल किंवा कोर्टाचा हुकूम असेल तर गोष्ट वेगळी.

आपले लोक इथेच घोटाळा करतात. दारात कुणी सरकारी आलं की आपण आधी चहा टाकतो. मग 'आमच्याकडे काही लपवायचं नाही' हे पटवण्यासाठी भडाभडा बोलतो. 'कधीतरी एखादा धपाटा घालतो हो, आमच्यात चालतं' हे वाक्य नोंदवहीत कसं उतरतं ते मी पाहिलंय. पन्नासही राज्यांत पालकाने मुलाला 'वाजवी' शारीरिक शिक्षा करणं अजून कायदेशीर आहे. पण वाजवी म्हणजे किती हे समोरच्याने ठरवायचं असतं, आणि अंगावर वळ दिसला की वाजवी संपतं. नकार द्यायचा तर तो शांतपणे, हसतमुखाने, दार पूर्ण न उघडता देता येतो. भांडायचं नाही. नाव आणि फोन नंबर लिहून घ्यायचा, वकील गाठायचा.

अजून एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर डाग असतात. चार-पाच वर्षांत जातात. ज्याने ते कधी पाहिले नाहीत त्याला ते मुका मार वाटतात. पाळणाघराच्या बाईंनाही. पहिल्याच तपासणीत बालरोगतज्ज्ञाला ते डाग फायलीत नोंदवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि ज्यांच्याकडे अजून नागरिकत्व नाही, एच-वन किंवा ग्रीन कार्ड आहे, त्यांनी हे गाठीशी बांधून ठेवावं. मुलांवरचा अत्याचार, हेळसांड किंवा मुलाला टाकून देणं यातली फौजदारी शिक्षा हे केंद्रीय इमिग्रेशन कायद्यात देशाबाहेर काढण्याचं कारण आहे. 'किरकोळ गुन्हा कबूल करा, दंड भरा, घरी जा' असा सल्ला अमेरिकन शेजाऱ्याला परवडतो. तुम्हाला तो भारताच्या विमानात बसवू शकतो. गुन्हा कबूल केला तर इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे अशिलाला सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलंय. म्हणून विचारा.

शेवटची पायरी म्हणजे आईबापपण कायमचं तोडणं. तिथे १९८२ पासून देशभर नियम आहे की पारडं जरासं झुकलं एवढ्यावर हे करता येणार नाही, 'स्पष्ट आणि पटण्याजोगा' पुरावा हवा. पण १९९७ च्या केंद्रीय कायद्याने घड्याळही लावलं आहे. मूल बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने सरकारी देखरेखीत राहिलं, तर काही अपवाद सोडता राज्याने हे नातं तोडण्यासाठी अर्ज करायचा. आईबापांना कोर्टाच्या तारखा आणि समुपदेशनाचे वर्ग पुरे करता करता पंधरा महिने कसे जातात ते कळत नाही.

आता दप्तर. हा भाग मी थोडक्यात आटपणार आहे, कारण आरडाओरडा इथे जास्त आणि उपयोग कमी. फ्लोरिडाच्या सनदेने पालकांना शाळेतली मुलाची सगळी कागदपत्रं बघण्याचा आणि काही विषयांतून मूल वगळण्याचा हक्क दिला. २०२२ मध्ये तिथे तिसरीपर्यंतच्या वर्गांत लैंगिक कल आणि लिंगभाव यांवर शिकवण्याला बंदी आली, तिच्या नावातही 'पालकांचे हक्क' आहे. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी म्हटलं की धर्माच्या कारणाने पालकांना अशा गोष्टींच्या पुस्तकांच्या तासाला मूल बाहेर ठेवू देण्याची सोय शाळेने द्यायला हवी. खटला मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीतला. ती दोन भावंडं बागेतून चालत निघाली होती ते सिल्व्हर स्प्रिंगही याच काउंटीत. त्या काउंटीला पालक-हक्कांनी दोन्ही बाजूंनी गाठलंय.

आयडाहोने २०२४ मध्ये नियम केला की पालकांच्या परवानगीशिवाय अल्पवयीन मुलावर वैद्यकीय उपचार नाहीत. शब्द इतके सरसकट होते की शाळांनी साध्या बँडेजसाठी घरी परवानगीचे फॉर्म पाठवले. यावर हसता येतं. पण तोच नियम बलात्कार झालेल्या अल्पवयीन मुलीच्या तपासणीलाही लागू झाला, तेव्हा हसू मावळलं. अत्याचार करणारा घरातलाच असेल तर सही कुणाची घ्यायची?

इथे मला या चळवळीची सगळ्यात मोठी विसंगती दिसते. टेक्ससच्या गव्हर्नरांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये सीपीएसच्या खात्याला लिहिलं की ज्या पालकांनी आपल्या ट्रान्स मुलांना (जन्मावेळी ठरलेल्या लिंगाहून वेगळी ओळख सांगणाऱ्या मुलांना) त्याबद्दलचे उपचार दिलेत त्यांची बालअत्याचार म्हणून चौकशी करा. तेच राज्य २०२५ मध्ये मुलाच्या संगोपनाचे निर्णय घेण्याचा पालकाचा मूलभूत हक्क घटनेत लिहितं. टेनेसीने हे उपचार बंद केले, तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये टिकवला, आणि पालकांच्या हक्काचा मुद्दा विचारातच घेतला नाही. उपचारांबद्दल तुमचं मत काहीही असो. पण 'निर्णय पालकांचा' ही टोपी सरकारला पसंत निर्णयापुरतीच घालायची असेल, तर तिला हक्क म्हणणं जड जातं. डाव्या राज्यांनीही आपापल्या आवडीच्या ठिकाणी अशीच टोपी काढून ठेवली आहे. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये शाळांना मुलाची लैंगिक ओळख घरी कळवायची सक्ती शिक्षकांवर करायला मनाई केली.

जाता जाता आणखी एक. मुलांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रसंघाचा करार भारताने १९९२ मध्येच मान्य केला. अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली, पण आजतागायत मंजूर केलेला नाही. तो न मानणारा जगातला हा एकच देश. मंजुरीच्या आड जी कारणं आली, त्यांत 'मग आईबापांचं काय?' हे बरंच वर आहे.

तर मूळ प्रश्न. त्या मुलीला मी फोन केला आणि कायद्यातले शब्द मराठीत वाचून दाखवले. आकडा नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडेल असं मला वाटलं होतं. उलट ती घाबरली, "म्हणजे ठरवायचं कुणी?" मग आम्ही मुलाला स्पीकरवर घेतलं. किल्ली हरवली तर काय करशील? बेल वाजली तर? आग लागली तर कुठला नंबर? तिसऱ्या प्रश्नाला त्याने १०० सांगितला. पुण्याचा. तो ९११ असा घोकून घेतला. शेजारच्या निवृत्त बाईंना सांगून ठेवलं, त्यांचा नंबर फ्रिजवर लावला, गॅसला हात लावायचा नाही हे तीन वेळा बजावलं.

पहिल्या सोमवारी तिला पाऊण तासात पाच फोन आले. पाचवा साडेचारला दोन मिनिटं कमी असताना: "आई, चिवडा संपला तर दुसरा डबा उघडू का, की तू येतेस तोवर थांबू?"